क'गरी बेटावर स्वतःची फोर व्हील ड्राइव्ह गाडी नेण्याविषयी: टायरमधील हवा, ओहोटीची वेळ आणि सुटकेची साधने

दक्षिणवारा (ब्रिस्बेन) यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही नुकतीच एक वापरलेली टोयोटा प्राडो घेतली आहे. डिझेल, ऑटोमॅटिक आणि लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअरचा टप्पा) असलेली. सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आई-बाबा सांगलीहून येत आहेत. त्यांना घेऊन क'गरी बेटावर, म्हणजे पूर्वीच्या फ्रेझर बेटावर, काही दिवस राहून यावे असा बेत आहे. डांबरी रस्त्यावर गाडी चालवण्याचा अनुभव मला आणि माझ्या यजमानांना भरपूर आहे, परंतु वाळूत आम्ही दोघांनीही कधी गाडी घातलेली नाही. वाहन प्रवेश परवाना कसा काढायचा आणि इन्स्किप पॉइंटहून बार्ज (गाड्या बेटावर नेणारी बोट) कशी मिळते याची माहिती आहे. अडले आहे ते प्रत्यक्ष चालवण्यापाशी.

टायरमधील हवा किती ठेवावी, याविषयी प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. दुकानदार २५ पीएसआय पुरेल म्हणतो, शेजारी १८ सांगतात, आणि एकाने तर १५ पर्यंत उतरवण्याचा सल्ला दिला. इतकी हवा काढल्यावर टायर रिमवरून निसटणार नाही का? लो रेंज पूर्ण वेळ ठेवायची की गाडी अडल्यावरच लावायची? दुकानात विंचपासून उंच जॅकपर्यंत लांबलचक यादी हातात देतात, त्यातले खरोखर आवश्यक काय? शिवाय एक मित्रकुटुंब सोबत येऊ इच्छिते, पण त्यांची गाडी चारही चाकांना ओढ देणारी असली तरी तिला लो रेंज नाही आणि ती जमिनीपासून फारशी उंचही नाही. ती आमच्या मागोमाग येऊ शकेल का?

किनारेवाला (हर्वी बे)

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यावर तुमचा सगळा बेत अवलंबून आहे. मित्रांनी ती गाडी बेटावर आणू नये. पूर्व किनाऱ्याच्या कडक वाळूवर ती कदाचित तासभर झकास धावेल, पण बेटाच्या आतल्या वाटांवर मोठ्या गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये वाळूचा उंचवटा राहतो. कमी उंचीच्या गाडीचे पोट त्या उंचवट्यावर टेकले, की चाके फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. अशा एकेरी वाटेवर एक गाडी अडली, की तिच्या मागे दहा गाड्यांचा खोळंबा होतो. मित्रांना हर्वी बेहून निघणाऱ्या सहलीच्या उंच बसने येऊ द्या आणि बेटावर भेटा.

आता वेळेविषयी. बार्ज सोयीची मिळाली म्हणून निघायचे नसते. ओहोटीची वेळ पाहायची आणि बार्ज त्या वेळेशी जुळवायची. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी नसावी, हा येथील सर्वमान्य सल्ला आहे. त्या वेळात कडक ओल्या वाळूचा पट्टा पाण्याखाली जातो. उरते ती टेकड्यांच्या पायथ्याची कोरडी भुसभुशीत वाळू. तीत गाडी रुतली आणि पाणी वर चढत असले, तर मदत पोहोचेपर्यंत खारे पाणी इंजिनात शिरलेले असते. रेनबो बीचजवळच्या मड्लो खडकांपाशी अशा कितीतरी गाड्या गेल्या आहेत. तुम्ही त्या बाजूने किनाऱ्यावरून जाऊच नका, इन्स्किपपर्यंत सरळ रस्त्याने या. हुक पॉइंटला उतरल्यावर पाणी चढलेले दिसले, तर उत्तरेकडे आतून जाणारी एक पर्यायी वाट आहे. ती त्या दिवशी खुली आहे की नाही हे निघण्यापूर्वी उद्यान विभागाच्या सूचनांत पाहून घ्या.

पंच्याहत्तर मैल किनारा, म्हणजे बेटाचा पूर्व किनारा, हा कायद्याने रस्ताच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तेथे वेगमर्यादा ८० किलोमीटर आहे, वस्ती आणि गर्दीच्या ठिकाणी ती कमी होते, आणि बेटाच्या आतल्या वाटांवर ती ३० आहे. सीट बेल्ट, मद्यपानाची तपासणी, सगळे नियम डांबरी रस्त्यासारखेच लागू असतात. भरीस भर म्हणजे त्याच किनाऱ्यावर छोटी विमाने उतरतात आणि वाट त्यांना द्यावी लागते. समोरून येणाऱ्या गाडीला आपण कोणत्या बाजूने जाणार हे इंडिकेटर देऊन आधीच कळवण्याची येथे पद्धत आहे, कारण कडक वाळू जिकडे असेल तिकडे सगळ्यांनाच सरकावे लागते.

खरी भीती मात्र रुतण्याची नाही. ८० च्या वेगाने सपाट वाटणाऱ्या किनाऱ्यावर जाताना एखाद्या ओढ्याने रात्रीत कापलेली गुडघाभर उंचीची वाळूची पायरी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, विशेषतः दुपारी, जेव्हा सावली पडत नाही. ती दिसताच घाबरून चालक करकचून ब्रेक दाबतो किंवा स्टिअरिंग जोरात फिरवतो, आणि उंच गाडी उलटते. म्हणून मर्यादा ८० असली तरी तुम्ही ५०–६० च्या पुढे जाऊ नये असे मी सुचवेन. एलाय क्रीकसारख्या ओढ्यापाशी आधी उतरून, पायी चालून खोली पाहा.

इंडियन हेडच्या मागून जाणारा तुकडा सुट्टीच्या दिवसांत फार भुसभुशीत होतो. पहिल्याच खेपेला तेथवर, म्हणजे महेनोच्या अवशेषांच्या पुष्कळ पुढे, जाण्याची गरज नाही. १९३५ साली वादळात किनाऱ्याला लागलेले ते जहाज पाहून परत फिरलात तरी आई-बाबांचा दिवस चांगला जाईल. मॅकेंझी तलावाकडे नेणारी वाट लांब नाही, पण तिच्यावर इतके हादरे बसतात की वडीलधाऱ्यांच्या कंबरेचा विचार आधी करावा.

वाळवंटी (मस्कत)

मी क'गरीला गेलेलो नाही. माझा सगळा सराव ओमानच्या शर्किया वाळवंटातला आहे. तरी हवेच्या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे एकच असल्यामुळे लिहितो.

माणसे आणि सामान धरून तुमची प्राडो अंदाजे २८०० किलोची होईल, म्हणजे एका चाकावर सुमारे ७०० किलो. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात, ते सोडून ढोबळ हिशोब केला, तर ३६ पीएसआयला एक टायर जमिनीला सुमारे २७५ चौरस सेंटिमीटर टेकतो आणि १८ पीएसआयला सुमारे ५५०. हवा निम्मी केली की टेकण्याची जागा दुप्पट होते आणि वाळूवरचा दाब निम्मा होतो. ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत अधिक होते. त्यामुळे चाकाला आपल्यापुढे वाळूची भिंत ढकलत न्यावी लागत नाही. ते वाळूवर चढून पुढे सरकते. फक्त रुंद टायर घेऊन हा फायदा मिळत नाही, हे दुकानदार सांगणार नाही.

तेव्हा आकडा वाळू पाहून ठरवावा. ओल्या, कडक किनाऱ्यावर २० ते २२ ठीक आहे. आतल्या कोरड्या वाटांवर १६ ते १८. आणि गाडी अडलीच तर सुटण्यापुरते १५. तुमच्या दुकानदाराचे २५ हे मला खडीच्या रस्त्याचे प्रमाण वाटते. टायर रिमवरून निसटण्याची भीती अगदीच निराधार नाही, पण १८ ला तसे सहसा होत नाही. ते होते १२–१३ च्या आसपास, तेही वेगात स्टिअरिंग एकदम वळवल्यावर. कमी हवेचा खरा शत्रू उष्णता आहे: बाजूची भिंत सतत दुमडत राहते, तापते आणि आतून कमकुवत होते. म्हणून हवा जितकी कमी तितका वेग कमी, आणि डांबरावर परतण्यापूर्वी हवा भरल्याशिवाय एक किलोमीटरही जायचे नाही. प्रेशर गेज स्वतःचे आणि चांगले घ्या. हवा काढताना चारही टायर सारखे आणि थंड असताना मोजलेले बरे.

आणखी एक गोष्ट. वाळू सकाळी कडक आणि दुपारी मऊ असते. कणांमध्ये थोडे पाणी असेल तर ते कणांना एकमेकांशी धरून ठेवते. उन्हाने ते उडून गेले की कण सुटे होतात. पाणी फार झाले तरीही वाळू ढिली पडते, म्हणून लाटांना अगदी चिकटून चालवणेही शहाणपणाचे नाही. कालची ओली रेघ आणि आजचे पाणी यांच्या मधला पट्टा धरावा.

चालवण्याची रीत अशी: मऊ तुकडा दिसला की त्याच्या आधीच योग्य गिअर लावावा, इंजिनाला दम राहील एवढा वेग ठेवावा आणि मध्ये गिअर बदलू नये. ऑटोमॅटिक असल्यास हाताने दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवा, नाहीतर गाडी मधेच वरचा गिअर टाकते आणि दम जातो. लो रेंज अडल्यानंतर लावण्याची वस्तू नाही. भुसभुशीत वाटेत शिरण्यापूर्वीच लावावी. त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही कमी तापतो. थांबायचे असेल तेव्हा ब्रेक दाबू नका. पाय उचला आणि गाडीला आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो आणि पुढच्या क्षणी निघताना तोच आडवा येतो. थांबण्याची जागा शक्यतो उताराची निवडा. स्टॅबिलिटी कंट्रोल आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही बंद ठेवा.

चाकोरीत जाताना एक सावधगिरी सांगतो, जी फारसे कोणी सांगत नाही. खोल चाकोरीत गाडी सरळच जाते, मग स्टिअरिंग कितीही वळलेले असो. चालकाला चाके वळलेली आहेत याचा पत्ता नसतो; चाकोरी संपली की तीच वळलेली चाके एकदम पकड घेतात आणि गाडी आडवी फेकली जाते. अधूनमधून खिडकीतून पुढचे चाक पाहावे.

गॅरेजमामा (पुणे)

वरच्या उत्तरातील जवळजवळ सगळे मान्य आहे, एका वाक्याखेरीज. स्टॅबिलिटी कंट्रोल आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांना एकाच दाव्याने बांधू नये. स्टॅबिलिटी कंट्रोल चाक घसरताच इंजिनाची ताकद कापते, आणि वाळूत नेमक्या त्याच वेळी ताकद हवी असते, म्हणून ते बंद करणे योग्य. पण प्राडोसारख्या गाडीतील ब्रेकवर चालणारे ट्रॅक्शन कंट्रोल अधांतरी फिरणाऱ्या चाकाला रोखते आणि ओढ दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे पाठवते. खड्ड्या-खड्ड्यांच्या आतल्या वाटेवर त्याचा उपयोगच होतो. पुष्कळ गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ओढ वाटणारा भाग) लॉक केला की स्टॅबिलिटी कंट्रोल आपोआप सुटते. तुमच्या गाडीत काय होते ते मॅन्युअलमध्ये पाहा आणि घरासमोर एकदा बटणे दाबून दिवे कोणते लागतात ते बघून ठेवा. मधला लॉक वाळूवर लावून ठेवा, डांबरावर काढा.

साधनांची यादी दुकानदार फुगवतात. विंच तुम्हाला नको, कारण किनाऱ्यावर तिची तार बांधायला झाड नसते. उंच जॅक तर नवख्याच्या हाती मुळीच नको. तो सटकून जबडा फोडतो. लांब दांड्याचे फावडे, रिकव्हरी बोर्डांची (रुतलेल्या चाकाखाली खोचायच्या दातेरी प्लॅस्टिक पट्ट्यांची) जोडी, बॅटरीवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर, गेज, ताणला जाणारा एक पट्टा, दोन प्रमाणित शॅकल (पट्टा गाडीला जोडणाऱ्या कड्या), आणि गाडीच्या जॅकखाली ठेवायला एक जाड फळी. एवढे पुरते. फळी लोक विसरतात आणि मग पंक्चर काढताना जॅकच वाळूत जातो.

गाडी रुतली तर क्रम असा ठेवा. चाक फिरते पण गाडी सरकत नाही असे वाटताच ॲक्सिलरेटर सोडा. आणखी दोन सेकंद दाबलात तर चाक आसापर्यंत खाली जाते. आपण आलो ती वाट आपणच दाबून कडक केलेली असते, म्हणून आधी हळू मागे जाऊन पाहा. जमले नाही तर सगळ्यांना खाली उतरवा, हवा १५ पर्यंत आणा, चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढा. बोर्ड वापरण्याच्या घाईत लोक पोटाखालची वाळू तशीच ठेवतात. गाडी पोटावर बसलेली असली तर बोर्ड काहीच करू शकत नाही. बोर्ड चाकाखाली तिरपा घट्ट खोचा आणि चाक न फिरवता हळू चढवा. त्यावर चाक गरगर फिरवले तर प्लॅस्टिकचे दात वितळतात.

दुसऱ्या गाडीने ओढण्याची वेळ आली तर कृपया हे लक्षपूर्वक वाचा. पट्टा टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका. टो बॉल ट्रेलर सावकाश ओढण्यासाठी असतो, झटका सोसण्यासाठी नाही. तो तुटला की पट्ट्याच्या ताणाने तोफगोळ्यासारखा काचेतून आत येतो. ऑस्ट्रेलियात त्याने माणसे गेली आहेत. गाडीखाली वाहतुकीच्या वेळी बांधून ठेवण्यासाठी जी कडी असते तीही ओढण्यासाठी नव्हे. वापरलेली गाडी घेतली आहे, तेव्हा पुढे-मागे प्रमाणित रिकव्हरी पॉइंट (ओढण्यासाठीच्या मजबूत जागा) आहेत की नाहीत हे निघण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवा. ओढताना पट्ट्यावर जाड गोधडी किंवा ओला टॉवेल टाका आणि दोन चालक सोडून बाकी सगळ्यांना, विशेषतः फोनवर चित्रीकरण करणाऱ्यांना, पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट दूर उभे करा.

पुळणकर (रत्नागिरी)

विषय क'गरीचा असला तरी भरतीच्या हिशोबाविषयी थोडे लिहितो, कारण सांगलीहून येणाऱ्या मंडळींपैकी कोणी ना कोणी पंचांग उघडून बसेल. आमच्याकडे तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास असते आणि रोज ती सुमारे ४८ मिनिटे पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जमतो. पण ते बारा कोकण किनाऱ्याचे आहेत. प्रत्येक किनाऱ्याची वेळ तेथील समुद्रतळ आणि किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे वेगळी असते, तेव्हा तेथे स्थानिक तक्ताच पाहावा.

चंद्राकडून उपयोगी पडेल ती वेगळी माहिती. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी खूप आत जाते आणि कडक वाळूचा पट्टा रुंद मिळतो, परंतु तेच पाणी परत येताना टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत चढते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार आतही जात नाही आणि फार वरही येत नाही. शिवाय पाणी सहा तासांत एकसारखे चढत नाही. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. ‘अजून तीन तास आहेत’ असे म्हणत किनाऱ्यावर जेवायला बसलेले पर्यटक त्या मधल्या दोन तासांतच सापडतात.

आणि हा धागा वाचून कोणी महाराष्ट्र-गोव्यात थार किंवा जिम्नी पाण्याच्या काठाने उडवायला निघणार असेल, तर त्याने थांबावे. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवण्यास मनाई आहे आणि पोलीस गुन्हे नोंदवतात. आमच्याकडेही अनेक किनाऱ्यांवर बंदी आहे. हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर येथे ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात, आणि चाकाखाली घरटे आले तर ते कोणाला कळतही नाही. गाडी रुतली की गावातला ट्रॅक्टर येतो, पण ट्रॅक्टरवाल्यालाही आता त्याचा कंटाळा आला आहे. वाळूवर कायदेशीरपणे गाडी चालवायचीच असेल तर केरळमध्ये कन्नूरजवळ मुळप्पिलंगाडचा सुमारे चार किलोमीटरचा कडक वाळूचा किनारा आहे. तेथे साधी मोटारही चालते, म्हणून तो फोर व्हील ड्राइव्हचा सराव मात्र मानू नये.

दक्षिणवारा (ब्रिस्बेन)

सर्वांचे मनापासून आभार. मित्रांना बसची सहल सुचवली आहे आणि त्यांना ती पटली. दोन शंका उरल्या. हवा नेमकी कोठे काढावी आणि कोठे भरावी? आणि बेटावर जाण्यापूर्वी जवळपास कोठे सराव करता येईल का?

किनारेवाला (हर्वी बे)

हवा बेटावर उतरून काढू नका. बार्जपर्यंत पोहोचण्याचा इन्स्किपचा शेवटचा तुकडाच मऊ वाळूचा आहे, आणि बार्जच्या तोंडाशी रुतलेल्या गाड्या तेथे नेहमी दिसतात. डांबर संपते तेथे बाजूला थांबा, २० पर्यंत उतरवा, लॉक लावा आणि मगच वाळूत शिरा. परतताना त्याच ठिकाणी भरा. लहान कॉम्प्रेसरने चार मोठे टायर भरायला अर्धा तास सहज लागतो आणि तो मध्ये तापतो, म्हणून त्याला विश्रांती देत जा आणि बाबांना सावलीत बसवा.

सरावासाठी ब्रायबी बेट तुम्हाला सोयीचे आहे. पूल असल्यामुळे बार्ज लागत नाही, मात्र वाळूत जाण्यासाठी तेथेही वेगळा वाहन परवाना लागतो आणि भरतीचा नियम तोच. आई-बाबा येण्यापूर्वी एका सकाळी ओहोटीला तेथे जा, आणि मुद्दाम एखाद्या मऊ जागी थांबून पुन्हा निघून पाहा. एकदा २५ ला, एकदा १८ ला. दुकानदार आणि शेजारी यांच्यात कोण बरोबर हे तुम्हाला स्टिअरिंगवर बसल्या-बसल्या समजेल.

गॅरेजमामा (पुणे)

परतल्यावर गोड्या पाण्याने गाडीखालून धुणे त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी नव्हे. चेसिसच्या पोकळ भागांत, ब्रेकच्या मागे आणि स्पेअर चाकाच्या वर वाळू अडकून राहते, तेथे नळीची धार बराच वेळ धरा. बागेतील पाणी शिंपडायचा फवारा गाडीखाली जमिनीवर ठेवून अर्धा तास चालू ठेवला आणि मध्ये त्याची जागा बदलत राहिलात, तरी काम होते. पुढच्या सर्व्हिसिंगला डिफरन्शियलचे तेल तपासून घ्या. ओढे ओलांडल्यानंतर ते दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदला.